पाच रत्तलांची वाफ

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ऐन सकाळच्या पाळीला, चुन्नीलाल सेठच्या राईस मिलमधली वाफेची कोठी फुटली आणि कोठीवरचा दुधराम जागीच गेला. आवाज केवढा म्हणाल, तर गोंदिया स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीतली माणसं उतरून फलाटावर आली. कोठीचं लोखंडी झाकण टिनाचं छप्पर फोडून उडालं ते धान वाळवायच्या ओट्यावर जाऊन आपटलं. नशीब की बाया तेव्हा ओट्यावर नव्हत्या.

ही गोष्ट एकोणीसशे अडतीसची. मनिराम पटले तेव्हा मुंबईच्या नोकरीवरून सणाला म्हणून आमगावला आपल्या घरी आला होता. निरोप मिळाला तसा तो हातातला चहा टाकून गोंदियाला धावला. शहाणा असता तर गोंदियाला न उतरता थेट मुंबई गाठली असती. पण आपण निर्दोष आहोत म्हणजे लोकही आपल्याला निर्दोषच समजतील, असं शिकलेल्या माणसाला वाटतं. त्याला कोण काय करणार?

कोठी त्याची होती. म्हणजे पैसा सेठचा, लोखंड सेठचं, पण डोकं मनिरामचं. धान उत्पादकाचा हा मुलगा मुंबईला जाऊन रासायनिक कारखान्यांचं शास्त्र शिकला आणि उष्णता नि वाफ यांच्यावर त्याने एक लेख लिहिला. तो विलायतेच्या मासिकात छापून आला. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करायचा तर धान भिजवून वाफवायचं. उघड्या कोठीत निम्मी वाफ हवेत जाते. तीच कोठी बंद करून चौरस इंचाला पाच रत्तल, म्हणजे पाच पौंड, दाब ठेवला, तर वाफ जास्त तापते आणि कमी लाकडात धान शिजतं, असं त्या लेखात आकड्यांनिशी होतं. चुन्नीलाल सेठने तो लेख कुणाकडून तरी समजून घेतला आणि मनिरामला महिनाभर बोलावून तशी कोठी उभी केली. दिवाळीनंतर आणखी चार मिलवाले तशीच कोठी करणार होते.

मनिराम फाटकातून आत शिरला आणि ओरडा झाला. "हाच तो! पुस्तकवाला हाच!" दगड सुटला तो त्याच्या कानाजवळून गेला. सेठच्या माणसांनी त्याला दंडाला धरून काटाघरात ढकललं, म्हणजे धानाची पोती तोलायची ती खोली, आणि बाहेरून कडी लावली.

"तुमच्या भल्यासाठी, बाबू," सेठ दाराबाहेरून म्हणाला. "बाहेर पब्लिक गरम आहे."

खोलीला खिडकी एकच, लोखंडी जाळीची. मनिराम जाळीशी गेला. फाटकाच्या आत, अगदी समोर, एक म्हातारी मातीत बसली होती. ती रडत नव्हती. ती जाळीकडेच बघत होती.

"त्याले माह्या हवाली करा," ती म्हणाली. "त्याच्या आकड्यानं माह्या पोराले मारलं."

ती देवकाबाई, दुधरामची माय.

२

दुसरा दिवस उजाडला तरी कडी निघाली नाही. पोती, धुरळा, उकडलेल्या धानाचा आंबूस वास आणि समोर ती म्हातारी. मनिराम खिडकीकडे पाठ करून बसला तरी तिची नजर त्याला पाठीत जाणवायची. हिरवं जुनेरं लुगडं, लाल काठ, पदराचं एक टोक फाडून नेल्यासारखं. एवढं त्याला पाठ झालं होतं.

दुपारी सेठ आला. गोरा, गुबगुबीत माणूस, बोलणं लोण्यासारखं. त्याने कागद पुढे केला.

"लिहून द्या बाबू. माझ्या लेखातला आकडा गलत आहे, त्यापायी कोठी फुटली. बस. चूक कोणाकडून होत नाही? मी दुधरामच्या घरच्यांना समजावतो, तुम्हाला मागच्या दाराने गाडीत बसवतो."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर मग खटला. तुम्ही आणि सरकार. मी गरीब माणूस मध्ये कशाला येऊ?"

सेठ गेल्यावर मनिरामने डोकं धरलं. खरंच चुकला असेल का आकडा? महिनोन् महिने मोजून, पुन्हा मोजून छापलेला आकडा! पण माणूस मेला होता, आणि मेलेल्या माणसापुढे छापील कागद फार हलका वाटतो. संध्याकाळपर्यंत त्याला आपल्याच बेरजा आठवेनात. दोनदा तो त्या कागदाजवळ गेला आणि परत फिरला. भीती वाटत होती, आणि भीती वाटते याची लाजही वाटत होती.

तेवढ्यात कडी वाजली. आत आला तो सर्कल इन्स्पेक्टर भैयाजी कटरे. बुटका, गुडघेदुखीने लंगडणारा, खिशात फुटाणे. साहेबलोकांपुढे तो शुद्ध बोले, बाकी जगाशी आपल्या झाडीच्या बोलीत.

तो पोत्यावर टेकला. "पटलेबाबू, मी सायन्स शिकलो नाही. तुमाले एकच विचारतो. तुमचा आकडा खरा होय का नाही?"

"खरा आहे," मनिराम म्हणाला, आणि त्याचा आवाज कापला.

"मंग आवाज काऊन कापून राहिला?"

"सेठला लिहून हवंय, की आकडा चुकला," मनिराम म्हणाला.

"हे पाहा," भैयाजी फुटाणा तोंडात टाकत म्हणाला, "तुमी खोटं बोलत असाल तर मी तुमाले आत टाकीन. खरं बोलत असाल तर दुसरा कोणी तरी खोटं बोलून राहिला. चला, कोठी दाखवा मले."

३

फुटलेल्या कोठीजवळ अजून वाफेचा वास होता. झाकणाचे रिव्हेट ओळीने तुटले होते. मनिरामला बघवेना. दुधरामला त्याने स्वतः शिकवलं होतं, हात धरून.

"कुठं सापडला तो?"

"त्या बाजूला. वाफेच्या नळापाशी. नळ अर्धा बंद केलेला होता म्हणतात."

भैयाजीने मान हलवली आणि पुढे निघाला. मनिराम मात्र थबकला. कोठीच्या पोटात एक जाड नळी खोचलेली होती, तोंडाला पितळी बूच. लोकांच्या हाती ती लागली नव्हती. तिच्यात काय आहे हे त्याच्याशिवाय आणि दुधरामशिवाय कुणाला माहीत असणार?

"साहेब, हे बूच तुमच्या हाताने काढा. मी हात लावत नाही."

बूच काढायला भैयाजीला घाम फुटला. आतून निघाली काचेची बारीक नळी, डॉक्टर तापाला लावतात तसली. पारा चढला की चढूनच राहतो, झटकल्याशिवाय उतरत नाही.

"पाच रत्तल दाबाची वाफ फॅरनहाइटच्या दोनशे सत्तावीस अंशांवर असते," मनिराम घाईने म्हणाला. "हे माझ्या एकट्याचं म्हणणं नाही, जगात कुठेही जा. बंद भांड्यात निव्वळ वाफ असली की दाब सांगा, मी ताप सांगतो. ताप सांगा, मी दाब सांगतो. दोघं एकमेकांना सोडून जात नाहीत. यावर दोनशे सत्तावीस असेल तर कोठी माझ्या आकड्याला फुटली. मग मी सेठच्या कागदावर सही करतो."

भैयाजीने नळी उजेडात धरली. एक डोळा मिटला. मग नळी मनिरामच्या हातात दिली.

दोनशे पन्नास.

मनिरामने पारा दोनदा वाचला. "पंधरा रत्तल," तो म्हणाला. "साहेब, तिप्पट दाब होता हो आत!"

"स्फोटाच्या धक्क्यानं पारा चढला असंन."

"धक्क्याने पारा उतरतो, चढत नाही. झटकून बघा पाहिजे तर."

"नाही झटकत. हा माह्या खिशात राहते," भैयाजी म्हणाला. "आता सांगा, तिप्पट दाब होईपर्यंत तुमची ती सुटकेची झडप काय करून राहिली होती?"

४

झडप झाकणावर बसवलेली होती, आणि झाकण ओट्यावर पडलं होतं. साधी वस्तू. भोकावर एक टोपी, टोपीवर आडवा लोखंडी दांडा, दांड्यावर सरकतं वजन. वाफ पाच रत्तलांच्या वर गेली की दांडा उचलला जातो आणि जास्तीची वाफ सुटते. मनिरामने दांडा हलवून पाहिला. मोकळा होता. वजन आपल्या खाचेवर जसंच्या तसं होतं. कुठे गंज नाही, अडकण नाही.

"म्हणजे झडप चांगली, आकडा चांगला, आणि कोठी फुटली," भैयाजी म्हणाला. "भुतानं फोडली का मंग?"

मनिरामने जमिनीवर बोटाने हिशेब मांडला. दोन दिवसांनी त्याचं डोकं चालायला लागलं होतं! "दांड्याच्या या टोकाला कुणी तरी ओझं टांगलं होतं. फार नाही, सेरभर. दांडा लांब आहे ना, सेराचं भोकावर दसपट होतं."

"सेरभर," भैयाजी म्हणाला आणि सरळ काटाघरात गेला. पण काट्याची वजनं सगळी जागेवर होती. मग त्याने मुन्नालाल मिस्तरीला बोलावलं. मिलची दुरुस्ती बघणारा हा वाळका माणूस, बोलताना सारखा सेठच्या गादीकडे बघायचा.

"सकाळी कोठी पेटवायच्या आधी पाहिली होतीस का?"

"पाहिली जी."

"दांड्यावर काही होतं?"

"कुछ नहीं, साहेब." उत्तर जरा जास्तच लवकर आलं. "मेरे बाल-बच्चे हैं, साहेब. मी साधा मिस्तरी."

"तुह्या बाल-बच्च्याइचं मी विचारलंच नाही," भैयाजी म्हणाला. "झाकण उडून ओट्यावर पडलं, तवा तिथं पहिले कोण पोचलं?"

"सेठ."

"दुधरामकडे नाही गेला? झाकणाकडे गेला?"

मुन्नालालने मान खाली घातली. भैयाजीने त्याला जाऊ दिलं आणि मनिरामकडे वळला.

"दुधरामले तुमी काय शिकवलं होतं? दाबाचा काटा चढला तर काय कराचं?"

"आधी दांडा उचलायचा, मग नळ बंद करायचा. दांडा शिडीपाशी, हाताशी. एका बोटाने उचलला तरी वाफ सुटते. नळ पलीकडे, वळसा घालून जावं लागतं. रोज घोकून घेत होतो त्याच्याकडून."

"आन् तो नळाकडे पळाला. समोरचा दांडा सोडून." भैयाजीने फुटाणे खिशात परत टाकले. "सेठचं वजन टांगलं असतं, मिस्तरीचा पाना टांगला असता, तर त्यानं काढून फेकून देला असता. काऊन नाही काढलं त्यानं? कोणती वस्तू अशी होय, पटलेबाबू, का जीव गेला तरी दुधरामसारखा माणूस तिले हात लावणार नाही?"

५

भैयाजी मिलमधून फिरायला लागला आणि मनिराम त्याच्या मागे. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली होती. इंजिनाला शेंदूर, झेंडूची माळ आणि नव्या लाल कापडात बांधलेला नारळ. चाळणीला तेच. तांदूळ सडायच्या हलरला तेच. सेठच्या तिजोरीलाही. या मिलची रीत अशी की नारळ कोजागिरीपर्यंत बांधलेले राहायचे. पुनवेआधी त्यांना कुणी हात लावायचा नाही, काढायचा नाही, फोडायचा नाही.

"कोठीले नारळ नव्हता?" भैयाजीने वाटेतल्या एका हमालाला विचारलं.

"नव्हता जी. सेठ म्हणे, ज्याले चाक नाही ते येंत्र कायचं? ते तर गंज होय, भात शिजवाचं भांडं."

भैयाजी पुढे गेला आणि हलरपाशी थांबला. मनिरामला वाटलं गुडघा दुखला असेल. पण भैयाजी वर बघत होता.

"इंजिनाले एक. चाळणीले एक. तिजोरीले एक. याले दोन?"

हलरच्या मागच्या बाजूला, माळेच्या आड, दुसरं बोचकं बांधलेलं होतं. भैयाजीने ते सोडवलं. कापड वाफेने भिजलेलं, मग वाळून कडक झालेलं. आत नारळ, ओंजळभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. तांदूळ शिजून गोळा झाला होता. कोरड्या हलरवर तांदूळ कसा शिजेल?

"वा रे सेठ!" भैयाजी हळूच म्हणाला. "लपवला, पण फेकायची हिंमत नाही झाली. पुनवेआधी पूजेचा नारळ उकिरड्यावर टाकील तर त्याच्या सात पिढ्या घाबरतील. एका देवाचा काढून दुसऱ्या देवाजवळ ठेवला. सेरभर आहे का नाही, पाहा बरं उचलून."

मनिरामने बोचकं हातात घेतलं. सेठने सगळ्या नारळांना बाजारातलं नवं कापड दिलं होतं. हे कापड जुनं होतं. हिरवं, लाल काठाचं, कुठल्या तरी पदराचं फाडलेलं टोक.

त्याने तो काठ बोटांनी उलगडला. दोन दिवस तो जाळीतून याच काठाकडे बघत होता.

"काय झालं?" भैयाजीने विचारलं.

सुटकेची वस्तू हातात होती, आणि ती हातातून कुठे ठेवावी हे मनिरामला कळेना. तो म्हणाला, "साहेब, आकडा माझाच चुकला. तो कागद कुठे आहे? मी सही करतो."

६

"सही करते म्हणे!" भैयाजी काटाघरात येऊन कडाडला. त्याने सेठला आणि मुन्नालालला आत घेतलं, दार लावलं आणि बोचकं काट्याच्या पारड्यात ठेवलं. ते बघताच मुन्नालाल रडायलाच लागला.

"मी सांगतलं होतं, साहेब! पेटवायच्या आधी सांगतलं. सेठले म्हटलं, दांड्यावर ओझं नको. सेठ म्हणे, कोणी बांधला असंन, पूजेचा आहे, राहू दे, एका नारळाने काय होते? अन् फुटल्यावर म्हणे, तोंड उघडशील तर नोकरी गेली."

"ऐकलं सेठ?" भैयाजी म्हणाला. "दुधरामनं काटा चढलेला पाहिला. दांड्यावर देवाचा नारळ. हात लावावा तर पाप, न लावावा तर मरण. म्हणून बिचारा नळाकडे धावला. नळ अर्धा फिरला तवरच झालं. तुमाले सकाळीच मालूम होतं. मंग तुमी झाकणाकडे पळाले, नारळ उचलला आन् या पोराच्या लेखावर ढकलून मोकळे झाले."

सेठचा चेहरा क्षणभर पडला. मग तो चक्क हसला.

"बरोबर. पण हा नारळ कोणाचा, ते नाही विचारलं तुम्ही? त्या बुढीचा. मी फडका ओळखला. चला कोर्टात. मी उभा राहून सांगणार, मायनेच पोराला मारलं. सगळ्या गोंदियात होऊ दे. नाही तर बाबूने सही करावी. एका कागदाची बात आहे. बोला, मंजूर?"

भैयाजीने पारड्यातलं फडकं पुन्हा पाहिलं. मनिराम सही करतो असं का म्हणाला, ते आता त्यालाही समजलं. मनिरामने टाक उचलला. आपलं नाव जाईल, लेख जाईल, मुंबईची नोकरी जाईल, हे सगळं त्याला लख्ख दिसत होतं आणि रडू येत होतं. पण समोर मातीत बसलेल्या बाईला ते सांगायचं कसं? कोणत्या तोंडाने?

"कोनाचा नारळ होय तो?"

आवाज जाळीतून आला. देवकाबाई खिडकीशी उभी होती. बोटं जाळीत रुतलेली.

"कुणाचा नाही, माय," मनिराम म्हणाला. "तू बस तिकडे. आकडा चुकला माझा."

"खोटं नको बोलू. माह्या पदराचा होय तो. मीच बांधला." ती एकेक शब्द ठेवल्यासारखी बोलत होती. "साऱ्या येंत्राइले नारळ, अन् माह्या पोराच्या कोठीले नाही. मी म्हटलं, उपाशी येंत्र माणूस खाते. दांडा होता, तिथंच बांधता आला. त्यालेही सांगतलं, माह्या हाताचा नारळ होय, काढू नको."

तिला काय कळलं आणि काय नाही, ते तिच्या तोंडावरून दिसेना. मग तिने विचारलं, "त्यानंच झालं का?"

मनिराम आयुष्यात कधी आकड्यात खोटं बोलला नव्हता. आता बोलायचा होता, आणि जमेना. त्याने मान खाली घातली. देवकाबाईला तेवढं पुरलं.

तिने जाळीतली बोटं सोडवली. "साहेब," ती शेवटी भैयाजीला म्हणाली, "दार उघडा. मी कोर्टात सांगीन. बांधला मी. मिस्तरीनं सांगतलं तरी काढला नाही सेठनं. मंग लपवला बी त्यानंच. माह्या वाट्याचं मी म्हणतो, त्याच्या वाट्याचं त्याले म्हणू द्या. या पोराले कायले डांबलं?"

"माय, लोक तुला काय म्हणतील," मनिराम म्हणाला.

"म्हणतील तर म्हणतील. मले आता कोणाले भ्याचं आहे?"

सेठ खाली बसला. भैयाजीने त्याच्याकडे न बघता कडी काढली. बाहेर माणसं अजून जमलेली होती, हातात दगड होते, आणि दार उघडं असूनही मनिरामचा पाय उंबऱ्यावर अडला. तेव्हा देवकाबाई पुढे आली आणि तिने त्याचं मनगट धरलं. जिने त्याला मागितलं होतं तीच त्याला घेऊन निघाली म्हटल्यावर लोक काय करणार? गर्दी बाजूला झाली. दगड खाली टाकल्याचे आवाज येत राहिले.

फाटकाबाहेर आल्यावर तिने हात सोडला. तिथेच बाभळीखाली बसली आणि मोठ्याने रडली, दोन दिवसांचं सगळं. मनिरामही तिच्याजवळ मातीत बसला.

बऱ्याच वेळाने तिने फाटक्या पदराने तोंड पुसलं.

"आता पुन्हा अशा कोठ्या बनवशील का?"

"बनवणार नाही, माय. आता नाही."

"काऊन नाही? बनवजो. तो म्हणे, ह्या कोठीनं बायाइचं काम हलकं होते." ती थांबली. "फक्त नारळ बांधाले जागा ठेवजो. दांड्यापासून दूर, एखादी कडी बसवजो. आमी बाया बांधल्याशिवाय राहत नाही, बाबू."

"हव," मनिराम म्हणाला. "ठेवतो, माय."